होकायंत्र हललं नाही, तरी वादळ नागपुरावर आलं होतं

प्रश्न नागपुरातल्या एका विज्ञान शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: मे २०२४ मध्ये मोठं सौर वादळ आलं, लडाखमध्ये हानलेला आकाश लाल झालं, बातम्यांत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरल्याचं सांगत होते. पण प्रयोगशाळेतून घरी आणून ठेवलेलं होकायंत्र तसूभरही हललं नाही. वीज गेली नाही, मोबाइल बंद पडला नाही. मग हादरलं ते नेमकं काय? पृथ्वीभोवती वेगवान कण अडकून राहिलेल्या व्हॅन ॲलन पट्ट्यांचं अशा वेळी काय होतं? आणि हे मुलांना शाळेत मोजून दाखवता येईल का?

मॅडम, होकायंत्रापासूनच सुरुवात करतो. ते हललं नाही हे तुम्ही मुद्दाम पाहिलंत आणि तसंच लिहिलंत, याचा मला फार आनंद झाला. बहुतेक जण ते हललंच असणार असं धरून चालतात.

नागपूरला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जमिनीला समांतर, म्हणजे आडवा, घटक ४०,००० नॅनोटेस्लाच्या (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक) आतबाहेर आहे आणि तो जवळजवळ नाकासमोर उत्तरेकडे आहे. चुंबकीय वादळात विषुववृत्ताच्या वर, अवकाशात, पृथ्वीभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे एक प्रचंड विद्युतप्रवाह वाहू लागतो. त्याला वलयप्रवाह म्हणतात. उजव्या हाताचा नियम लावून पाहा: अशा प्रवाहाचं क्षेत्र वलयाच्या आत दक्षिणेकडे येतं. म्हणजे ते आपल्या उत्तरेकडच्या क्षेत्रातून सरळ वजा होतं. त्या मे महिन्यात ही वजाबाकी सुमारे ४०० नॅनोटेस्लाची होती, म्हणजे जेमतेम एक टक्का. क्षेत्र दुबळं झालं, पण त्याची दिशा तीच राहिली. सुईला कळते ती दिशा, ताकद नाही. पूर्व-पश्चिम दिशेने थोडी गडबड होते, पण ती ४० नॅनोटेस्ला धरली तरी सुई एका अंशाच्या विसाव्या भागाइतकी फिरणार. शाळेच्या होकायंत्रावर ते दिसणं शक्य नाही. नॉर्वेत किंवा कॅनडात मात्र हीच सुई मोठ्या वादळात अंशाअंशाने डोलते, कारण तिथे ध्रुवीय प्रकाशाचे प्रवाह थेट डोक्यावर, शंभरेक किलोमीटर उंचीवर असतात आणि मुळात आडवा घटकही आपल्यापेक्षा बराच कमी असतो.

यातून एक उलटी गोष्ट निघते आणि ती मुलांना जरूर सांगा. ध्रुवीय प्रदेशात वादळाचा तमाशा मोठा दिसतो, पण वादळ एकूण केवढं होतं हे ठरवायला जग आपल्यासारख्या कमी अक्षांशांच्या वेधशाळांकडे बघतं. ध्रुवीय प्रवाहांचा गोंगाट इथे पोचत नाही, त्यामुळे वलयप्रवाहाची वजाबाकी स्वच्छ दिसते. आडव्या घटकातली ही घट तासातासाने मोजून जो निर्देशांक काढतात त्याला डीएसटी म्हणतात. जपान, हवाई, पोर्तो रिको आणि दक्षिण आफ्रिका इथल्या चार वेधशाळांच्या नोंदींवरून तो काढला जातो. मिनिटामिनिटाचा असाच एक निर्देशांक आहे, त्याच्या वेधशाळांच्या यादीत आपलं अलिबाग आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या वेधशाळांच्या साखळीत नागपूरही आहे.

अशा वेधशाळेत काम कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण एक टक्का म्हणजे किती बारीक गोष्ट आहे ते त्याशिवाय लक्षात येत नाही. निरपेक्ष मोजणीच्या खोलीत लोखंडाचा खिळासुद्धा चालत नाही. आत जाण्याआधी पट्टा, घड्याळ, किल्ल्या, मोबाइल सगळं बाहेर. चष्म्याची काडी पोलादी असेल तर तोही. अ-चुंबकीय थिओडोलाइटच्या (कोन मोजण्याच्या यंत्राच्या) दुर्बिणीवर चुंबकीय क्षेत्र टिपणारा फ्लक्सगेट संवेदक बसवलेला असतो. दुर्बीण फिरवत फिरवत संवेदकाचं वाचन शून्य होईल ती जागा शोधायची, कोन लिहायचा, मग दुर्बीण उलटी करून पुन्हा, संवेदक खाली घेऊन पुन्हा. चार स्थितींतली वाचनं मिळून एक कोन पक्का होतो. शेजारच्या खोलीत सतत नोंद करणारं यंत्र सेकंदासेकंदाला क्षेत्र टिपत असतंच, पण त्याचं शून्य कुठे आहे हे या हातमोजणीशिवाय कळत नाही. लोकांना वाटतं, आता सगळं यंत्रावर चालतं. या खोलीत अजूनही माणूस लागतो.

आता १० मे २०२४. शुक्रवार होता, अक्षय तृतीया. त्याआधीचे दोन-तीन दिवस सूर्यावरच्या १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहातून एकामागून एक प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित कणांच्या तापलेल्या वायूचे, लोट सुटत होते. रात्री साडेदहाच्या पुढे पाचेक मिनिटांनी पहिला धक्का पोचला. अशा वेळी चुंबकीय आलेख आधी चढतो. धक्क्याने सूर्याकडची चुंबकीय सीमा, म्हणजे पृथ्वीचं क्षेत्र जिथे संपतं ती कड, दाबली जाते. एरवी ती ६०-६५ हजार किलोमीटरवर असते, त्या दिवशी ती ३६ हजार किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहांच्याही आत आली. दाबलेलं क्षेत्र घट्ट होतं, म्हणून जमिनीवर काही मिनिटांत वाढ दिसते. पृथ्वीवरच्या सगळ्या वेधशाळांत ही उडी जवळजवळ एकाच मिनिटाला उमटते. मग खरी घसरण सुरू होते, आणि आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास ती तळाला गेली होती. शांत दिवशी आपल्या आलेखावर सकाळी चढून दुपारी बाराच्या आधी माथा गाठणारा आणि मग उतरणारा एक गोलसर उंचवटा असतो, तो आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या, दिवसाच्या प्रवाहांचा. ११ मेच्या आलेखात तो शोधूनही सापडत नाही. सावरायला पुढे कित्येक दिवस गेले.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो सूर्याकडून काय येतं याबद्दल. बातमीत 'एक्स दर्जाची ज्वाला' एवढंच येतं आणि सगळं त्या ज्वालेच्या माथी मारलं जातं. खरं तर सूर्याकडून तीन वेगवेगळ्या गोष्टी तीन वेगवेगळ्या वेळी येतात. ज्वालेचे क्षकिरण सव्वाआठ मिनिटांत पोचतात आणि दिवसाच्या बाजूला आयनांबराचा खालचा थर दाट करतात. त्याने लघुलहरी रेडिओ तासभर मुका होतो आणि विषय तिथेच संपतो. वेगवान प्रोटॉन अर्ध्या-पाऊण तासापासून पुढे येऊ लागतात, तेही दरवेळी येतात असं नाही. आणि अब्जावधी टन प्लाझ्माचा तो लोट, ज्याला सीएमई म्हणतात, तो एक ते तीन दिवसांनी येतो. चुंबकीय वादळ करतो तो हा तिसरा.

पण तोही दरवेळी करत नाही. लोट आपलं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन येतो. ते क्षेत्र उत्तरेकडे असेल तर पृथ्वीचं क्षेत्र त्याला बाजूने वाहून जाऊ देतं. मोठा, वेगवान लोटसुद्धा थोडी हालचाल करून निघून जातो. ते दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या उत्तरेकडच्या क्षेत्राशी त्याची आमनेसामने गाठ पडते, दोन्हींच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि दार उघडतं. जेम्स डंगी यांनी १९६१ मध्ये हे मांडलं. वादळाचा सगळा जोर या दक्षिणेकडच्या घटकात आणि तो किती तास टिकतो यात आहे. ज्वाला किती तेजस्वी होती याला त्यामानाने फारच कमी महत्त्व आहे.

आणि दुःखाची गोष्ट ही की सूर्यावर बघून ही दिशा नीट सांगता येत नाही. ती कळते लोट पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूच्या एल-१ बिंदूवर ठेवलेल्या यानांवरून जातो तेव्हा. तिथून पृथ्वी गाठायला त्याला पंधरा मिनिटं ते तासभर लागतो. तेवढाच काय तो पक्का इशारा. आपलं आदित्य-एल१ ६ जानेवारी २०२४ पासून तिथे आहे, त्यावर चुंबकमापक आहे आणि सौर वाऱ्याचे, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणारे, कण मोजणारी उपकरणं आहेत. मेच्या वादळात ती चालू होती. या यानाचं कौतुक सूर्याच्या छायाचित्रांसाठी होतं ते ठीकच आहे, पण माझ्यासारख्याला त्यावरचा छोटा चुंबकमापक जास्त मोलाचा वाटतो.

दार उघडलं की पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला, मागे लांबवर ताणलेल्या चुंबकीय शेपटीत ऊर्जा साठते आणि झटक्याझटक्याने आत फेकली जाते. आत आलेले प्रोटॉन आणि ऑक्सिजनचे आयन पश्चिमेकडे सरकतात, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे; दोन्हींचा मिळून प्रवाह पश्चिमेकडे. हाच तो वलयप्रवाह. यातला ऑक्सिजन सूर्याकडून येत नाही. तो आपल्याच वातावरणाच्या माथ्यावरून वर खेचलेला असतो, आणि मोठ्या वादळात त्याचा वाटा प्रोटॉनपेक्षाही जास्त होऊ शकतो. वादळाला सूर्य चालना देतो, पण जळण बरंचसं घरचं असतं. हानलेचा लाल प्रकाशही ऑक्सिजनचाच. दोनशे किलोमीटरच्या वर ऑक्सिजनचे अणू ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतात आणि इतक्या उंचीवरचं तेज शेकडो किलोमीटर दक्षिणेकडून क्षितिजालगत दिसू शकतं.

मग महाराष्ट्रातून असं कधीच दिसणार नाही का? ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात ध्रुवीय प्रकाश मुंबईतून दिसल्याची नोंद आहे. नागपूर मुंबईच्या उत्तरेला. तेव्हा अशक्य म्हणू नका, फार दुर्मीळ म्हणा.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर कुलाब्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय वाचनं घेतली जात होती, तीही डोळ्यांनी पाहून हाताने लिहिलेली. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्याच्या डागांवर पांढरी ज्वाला पाहिली. साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर होतं. युरोपातल्या बऱ्याच वेधशाळांच्या नोंदी कागदाच्या बाहेर गेल्या. कुलाब्याला मात्र कोणीतरी काही मिनिटांच्या अंतराने आकडे लिहीत राहिलं, आणि त्यात आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळलेला दिसतो. मेच्या वादळाच्या चौपट. ही सगळी घट वलयप्रवाहाची की तिच्यात आयनांबरातल्या प्रवाहांचाही हात होता, यावर आजही वाद आहे. पण त्या वादाला आधार आहे तो त्या वहीचा. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय काम अलिबागला हलवलं. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी वाचनं घेतली, म्हणजे साखळी तुटू नये. अलिबागची इमारत पोरबंदरी दगडाची, कारण कोकणातला काळा दगड स्वतःच चुंबकीय. एवढी दूरदृष्टी त्या लोकांनी दाखवली नसती तर आज आपल्या हातात काय असतं?

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, व्हॅन ॲलन पट्ट्यांकडे. ३१ जानेवारी १९५८ ला एक्सप्लोरर-१ उडालं, त्यावर जेम्स व्हॅन ॲलन यांचा कण मोजणारा गायगर मापक होता. काही उंचीवर तो शून्य दाखवू लागला. कण नव्हते म्हणून नव्हे, कण इतके होते की मापक गुदमरला होता. पृथ्वीभोवती दोन पट्टे आहेत हे त्यातून पुढे आलं. आतला मुख्यतः प्रोटॉनचा, काहीशे किलोमीटर ते सहा-सात हजार किलोमीटर आणि त्यापलीकडे पसरलेला, बराचसा स्थिर. बाहेरचा वेगवान इलेक्ट्रॉनचा, साधारण १३ हजारांपासून ६० हजार किलोमीटरपर्यंत, आणि तो फार चंचल. मधे एक बरीच मोकळी जागा. तुमच्या फोनला जागा सांगणारे जीपीएस उपग्रह २०,२०० किलोमीटरवर असतात, म्हणजे बाहेरच्या पट्ट्याच्या ऐन गाभ्यात.

पट्ट्यातला एक इलेक्ट्रॉन डोळ्यांसमोर आणा, प्रकाशाच्या वेगाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त वेगाचा. तो चुंबकीय रेषेभोवती सेकंदाच्या हजाराव्या भागात एक गिरकी घेतो. त्याच वेळी रेषेवरून उत्तर गोलार्धाकडे जातो, तिथे क्षेत्र घट्ट झाल्यामुळे परत फिरतो, दक्षिणेकडे जातो, तिथूनही परत. असा एक हेलपाटा सेकंदाच्या आत. आणि हे करता करता पूर्वेकडे सरकत दहा-पंधरा मिनिटांत अख्ख्या पृथ्वीला फेरी मारतो. शांत काळात ही तिन्ही चक्रं बिनबोभाट चालतात आणि कण महिनोन्‌महिने अडकून राहतो. वादळात काय होतं? या तीन तालांपैकी एखाद्याशी जुळणारे तरंग उठतात आणि ताल मोडतो. मग कण एकतर ऊर्जा मिळवतो, नाहीतर निसटतो.

ऊर्जा मिळते ती मुख्यतः कोरस नावाच्या तरंगांतून. शेपटीकडून नवे, त्यामानाने मंद इलेक्ट्रॉन आत येतात, त्यांच्यातून हे तरंग जन्म घेतात, आणि तेच तरंग काही मोजक्या इलेक्ट्रॉनना लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत (हे कणाच्या ऊर्जेचं एकक) चढवतात. त्यांची वारंवारता आपल्या कानाच्या टप्प्यात येते. नोंद स्पीकरवर लावली तर पहाटे पाखरांचा किलबिलाट चालावा तसा आवाज येतो. वर्गात ऐकवा, मुलं विसरणार नाहीत. पूर्वी समज असा होता की वेग फक्त बाहेरून आत सरकताना मिळतो. ऑगस्ट २०१२ मध्ये गेलेल्या व्हॅन ॲलन प्रोब्ज या दोन यानांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या वादळात दाखवून दिलं की इलेक्ट्रॉनची संख्या पट्ट्याच्या पोटातच फुगते, म्हणजे वेग जागच्या जागी दिला जातो.

निसटण्याचे रस्ते दोन. चुंबकीय सीमा आत ढकलली गेली की बाहेरच्या कणांची फेरी थेट सौर वाऱ्यात जाऊन संपते. धक्का बसल्यावर काही तासांत बाहेरचा पट्टा अर्धाअधिक रिकामा होतो तो बहुधा यामुळे. दुसरा रस्ता खाली: दुसऱ्या प्रकारच्या तरंगांनी कणाची दिशा थोडी वाकवली की तो परत फिरायच्या जागेच्या खाली उतरतो आणि वातावरणात विरतो.

या दोन गोष्टी एकाच वादळात, एकाच वेळी चालतात. म्हणून 'वादळ आलं की पट्टे भरतात' हे पाठ्यपुस्तकी वाक्य मला मान्य नाही. १९८९ ते २००० या काळातली २७६ वादळं तपासली गेली, त्यांत वादळानंतर निम्म्याहून थोड्या जास्त वेळा, ५३ टक्के, इलेक्ट्रॉन वाढलेले होते. १९ टक्के वेळा ते घटले. उरलेल्या वेळी होते तेवढेच राहिले. शिवाय वादळ किती मोठं यावरून काय होणार ते सांगता आलं नाही. मोठं वादळ पट्टा पुसून जाऊ शकतं आणि मध्यम, पण रेंगाळणारं वादळ तो काठोकाठ भरू शकतं. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

कधीकधी तर नवा पट्टाच तयार होतो. २४ मार्च १९९१ ला एक अत्यंत जोरकस धक्का आला. त्या वेळी क्रेस नावाचा उपग्रह नेमका त्या मोकळ्या जागेत होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत काही मिनिटांत १५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टहून जास्त ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचा आणि प्रोटॉनचा नवा पट्टा उभा राहिला. तरंगांना इतकं काम करायला तास लागतात. इथे धक्क्याबरोबर आलेल्या एका विद्युतक्षेत्राच्या लाटेने कणांना थेट आत हाणलं होतं. सप्टेंबर २०१२ मध्ये व्हॅन ॲलन प्रोब्जना महिनाभर टिकलेला तिसरा पट्टा दिसला. २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोकळी जागा इलेक्ट्रॉननी भरून गेली. आणि आपल्या मे २०२४ च्या वादळानंतर कोलोरॅडो विद्यापीठाच्या सर्बी या बुटाच्या खोक्याएवढ्या उपग्रहाला दोन नवे तात्पुरते पट्टे सापडले. एक इलेक्ट्रॉनचा, जो सुमारे तीन महिने राहिला, आणि दुसरा आत, प्रोटॉनचा, जो त्याहून जास्त टिकला. अक्षय तृतीयेच्या रात्री आलेलं वादळ नागपूरकरांच्या लेखी दुसऱ्या दिवशी संपलं होतं. अवकाशात त्याचे कण दिवाळीच्या सुमारासही फिरत होते.

याची झळ उपग्रहांना बसते. वेगवान इलेक्ट्रॉन धातूचं कवच भेदून आतल्या विद्युतरोधकात जाऊन बसतात, साचतात आणि एक दिवस ठिणगी पडते. जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाचे ॲनिक ई-१ आणि ई-२ हे दळणवळण उपग्रह काही तासांच्या अंतराने असेच भरकटले. त्या वेळी मोठं चुंबकीय वादळ नव्हतं, सौर वारा मात्र कित्येक दिवस वेगाने वाहत होता. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचं दुखणं वेगळं. वादळाने वातावरण तापून फुगतं आणि घर्षण वाढतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका साध्याशा वादळात नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे ४९ पैकी जवळजवळ ४० उपग्रह त्यामुळे पडले. मे २०२४ मध्ये इस्रोचा ईओएस-०७ हा उपग्रह, जो तेव्हा रोज साधारण ३०० मीटर खाली येत होता, तो एका दिवसात ६०० मीटर उतरला.

जमिनीवर, नागपुरात, काय? विजेबद्दल आधी. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं वीजजाळं दीड मिनिटात कोसळलं आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. क्षेत्र झपाट्याने बदललं की जमिनीत व्होल्टेज तयार होतं, लांब वाहिन्यांतून आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगमधून जवळजवळ एकदिश प्रवाह शिरतो, गाभा संपृक्त होतो आणि तापतो. यात महत्त्व आहे ते बदलाच्या वेगाला, आणि तो ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखाली सर्वांत जास्त असतो. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतून निघणाऱ्या वाहिन्यांना तो धोका त्या प्रमाणात नाही. पण शून्य म्हणणार नाही: २००३ च्या वादळांनंतर दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सफॉर्मर निकामी झाले, आणि तो काही ध्रुवीय देश नव्हे.

आपल्या भागाला खरा त्रास आहे तो आयनांबराचा. चुंबकीय विषुववृत्त तिरुनेलवेलीच्या आसपासून जातं. दुपारी तिथला प्लाझ्मा कारंज्यागत वर जाऊन दोन्ही बाजूंना उतरतो, त्यामुळे आयनांबर मध्य भारतावर जास्त दाट असतं. सूर्यास्तानंतर त्यात पोकळ बुडबुडे उठतात आणि त्यांतून येणारा उपग्रहाचा संदेश लुकलुकतो. वादळ हे सगळं कधी वाढवतं, कधी दाबून टाकतं. ११ मेच्या सकाळी केरळातल्या थुंबाच्या वर आयनांबरातले एकूण इलेक्ट्रॉन निम्म्याहून खाली गेल्याचं इस्रोने नोंदवलं. त्याच वादळात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना मक्याची पेरणी थांबवावी लागली, कारण ट्रॅक्टर सेंटीमीटरच्या हिशेबाने उपग्रहांवर चालत होते. आपल्याकडेही जमिनीची मोजणी आता रोव्हरवर, म्हणजे उपग्रहांवरून नेमकी जागा सांगणाऱ्या यंत्रावर, होते, ड्रोन शेतावर फिरतात. मोजणीवाल्यांना मी एवढंच सांगतो: मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सातनंतर बारीक मोजणी टाळा, आणि वादळाच्या दिवशी रोव्हरने 'फिक्स' (जागा पक्की) दाखवलं तरी एका ओळखीच्या खुणेवर परत जाऊन पडताळा घ्या.

तब्येतीची काळजी नको. सूर्याचे वेगवान प्रोटॉन आपल्या अक्षांशावर चुंबकीय क्षेत्रच परतवून लावतं, आणि वर वातावरणाची जाड ढाल आहे. 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरण येणार, मोबाइल दूर ठेवा' हा संदेश दरवर्षी फिरतो. त्यात काडीचंही तथ्य नाही. मुलांकरवी घरोघरी तो थांबवता आला तर मोठंच काम होईल.

शेवटचा प्रश्न, शाळेत मोजायचं कसं. इंटरनेटवर बरणीतल्या चुंबकाचा प्रयोग सापडतो: छोटा चुंबक सुती नव्हे तर बिनपिळाच्या रेशमी किंवा नायलॉन धाग्याने टांगायचा, त्याला आरसा चिकटवायचा, त्यावर लेझर पाडून भिंतीवरचा ठिपका बघायचा. उत्तर युरोपातल्या शाळांत तो उत्तम चालतो. नागपूरला तसाच केला तर सुरुवातीला सांगितलेल्या कारणानेच काही दिसणार नाही. एक बदल करा. बरणीच्या उत्तरेला, त्याच रेषेत, एक पट्टीचुंबक ठेवा, त्याचा उत्तर ध्रुव दक्षिणेकडे, म्हणजे त्याचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राला खोडेल. तो हळूहळू जवळ आणा. टांगलेला चुंबक सैरभैर होऊ लागेल. तिथे पट्टीचुंबक किंचित तिरका करा, टांगलेला चुंबक पूर्व-पश्चिम स्थिरावेल. समजा आता पूर्वेकडे फक्त ४,००० नॅनोटेस्ला उरले आहेत. उत्तर-दक्षिण घटकात ४०० चा फरक पडला की चुंबक जवळपास पावणेसहा अंश फिरेल. आरशामुळे दुप्पट, आणि भिंत दोन मीटरवर असेल तर ठिपका ४० सेंटीमीटर सरकेल. धाग्याच्या पिळामुळे प्रत्यक्षात थोडं कमी मिळेल.

पण नागपूरचं ऊन यात मोठा खोडा घालतं. साधा काळा फेराइट चुंबक दर अंश सेल्सिअसला ०.२ टक्के दुबळा होतो. तुम्ही त्याच्याकडून ४०,००० नॅनोटेस्ला खोडून घेताय, म्हणजे एका अंशाला ८० नॅनोटेस्ला. खोलीतला कूलर बंद केला आणि तापमान पाच अंशांनी चढलं की ४०० नॅनोटेस्लाचं वादळ तयार! म्हणून शक्य असेल तर जुन्या लाऊडस्पीकरमधला अल्निको चुंबक मिळवा, तो साधारण दहापट स्थिर असतो. खोली तळमजल्यावरची, पंखा-कूलर नसलेली घ्या, चुंबकाशेजारी थर्मामीटर ठेवा आणि दर वाचनाबरोबर तापमान लिहायला लावा. दुचाकी लावायची जागा पंधरा-वीस मीटर लांब हवी. लोखंडी कपाट हलवता येत नसेल तर राहू द्या, पण मग त्याचं दार मधेच उघडू नका.

आधी वादळाची वाट बघू नका, शांत दिवसाचा उंचवटा पकडा. तो दहाच्या काही पट नॅनोटेस्लाचा, म्हणजे भिंतीवर काही सेंटीमीटरचा असतो आणि त्याचा माथा दुपारी बाराच्या आधी येतो. खोलीचं तापमान मात्र तीन-चारपर्यंत चढत राहतं. माथा अकरा-साडेअकराला आला तर तुम्ही आयनांबर मोजताय. चारला आला तर चुंबक तापतोय, जागा बदला. हे एकदा साधलं की क्योतो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा डीएसटीचा आलेख उघडून मुलांची वही त्याच्याशेजारी ठेवा. तो आलेख जागतिक वेळेत असतो, साडेपाच तास मिळवायला सांगा.